पीई सांगताय? मग ‘ई’ दाखवा

निफ्टीचा पीई बावीस. बाजार स्वस्त की महाग?

उत्तर देऊ नका. आधी उलट विचारा. बावीस कुठल्या नफ्यावर? गेल्या चार तिमाहींच्या की येत्या वर्षीच्या? एकट्या मूळ कंपनीच्या की उपकंपन्यांसकट? त्यात जमीन विकून आलेले पैसे धरलेत का?

समोरचा गप्प बसला, तर त्याने फक्त आकडा वाचलाय.

भागाकार चौथीतल्या मुलाला येतो. शेअरचा भाव (पी) भागिले प्रति शेअर नफा (ई). एक कोटीचा फ्लॅट घेतला आणि वर्षाचं भाडं तीन लाख आलं, तर तेहतीस वर्षांच्या भाड्याएवढी किंमत मोजली. शेअरचंही तेच. फरक एवढाच, की भाडं करारात लिहिलेलं असतं आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात. नफा मात्र कंपनी एकटी लिहिते.

भाव साडेतीनला ठरतो, सगळ्या देशाला दिसतो. त्यावर भांडण नाही. भांडण असायला हवं छेदावर. आणि छेदाकडे कुणी बघत नाही.

पटत नसेल तर २०२१ चा मार्च आठवा. निफ्टीचा पीई चाळीसच्या घरात होता. बाजार इतका महाग कधीच नव्हता, अशी चर्चा जोरात होती. महिना संपता संपता तोच पीई तेहतीसच्या घरात आला.

बाजार कोसळला? नाही. निर्देशांक होता तिथेच होता.

झालं एवढंच, की राष्ट्रीय शेअर बाजाराने हिशेबाची पद्धत बदलली. तोवर छेदात फक्त मूळ कंपनीचा नफा धरत होते, आता उपकंपन्यांचाही धरू लागले. बदल योग्यच होता. पण आधीची वीस वर्षं काय चाललं होतं? अंशात अख्ख्या समूहाची किंमत, छेदात एकट्या मूळ कंपनीची कमाई. आणि त्या आकड्यावर लोक शेअर घेत होते, विकत होते, एकमेकांना सल्ले देत होते.

जुन्या आणि नव्या पद्धतीचे आकडे एका रेषेत जोडलेले आलेख आजही फिरतात. ‘वीस वर्षांच्या सरासरीपेक्षा बाजार स्वस्त’ असं त्याखाली लिहिलेलं असतं. सरासरी एका मापाची, आजचा आकडा दुसऱ्या मापाचा. याला तुलना म्हणत नाहीत.

जुन्या पद्धतीत बाजार नेहमी महागच दिसायचा, असंही समजू नका. २०१८-१९ मधली टाटा मोटर्स घ्या. मूळ कंपनीला त्या वर्षी दोन हजार कोटींच्या आसपास नफा. जग्वार लँड रोव्हर धरून हिशेब मांडला, तर २८ हजार कोटींहून अधिक तोटा. शेअरचा भाव तो तोटा बघून पडला, पण पीईच्या छेदात नफाच बसला होता.

म्हणजे शेअर होता त्यापेक्षा स्वस्त दिसत होता. कशामुळे? तोटा मोजलाच नाही म्हणून.

आता तो चाळीसचा आकडा मुळात आला कुठून? एप्रिल ते जून २०२०. दुकानं बंद, कारखाने बंद, रस्ते ओस. नफा गायब. पीई काढताना मागच्या चार तिमाहींची बेरीज धरतात, त्यामुळे तो खड्डा पुढे वर्षभर छेदात राहिला. भावाने मात्र वाट पाहिली नाही. तो पुढचं बघून निघाला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टीने १५,००० ओलांडले तेव्हा पीई चाळीशीपार होता. फार महाग म्हणून ज्यांनी सगळं विकलं, त्यांनी सप्टेंबर २०२४ मधले २६,००० बाहेर उभं राहून पाहिले.

ही फक्त आपली गोष्ट नाही. मे २००९, अमेरिका. एस अँड पी ५०० चा पीई १२० च्या वर. बँकांनी तोट्यांचे डोंगर दाखवले होते, छेद जवळपास नाहीसा झाला होता. त्याआधी दोनच महिने, ९ मार्चला, निर्देशांक ६७६ च्या तळावर बंद झाला होता. एका पिढीला मिळालेली सगळ्यात चांगली खरेदीची वेळ. आणि गुणोत्तर सांगत होतं, एवढं महाग कधीच नव्हतं.

मग तो प्रसिद्ध नियम? पंधराच्या खाली घ्या, पंचविसाच्या वर विका?

या नियमाची पत २००८ ने वाढवली. जानेवारीत पीई अठ्ठाविसाच्या आसपास होता, बाजार कोसळला. ऑक्टोबरमध्ये अकराच्या घरात आला, तिथून बाजार उठला. एकदा जमलं, की आपल्याकडे त्याचं शास्त्र होतं.

पुढे काय झालं तेही बघा. २०१७ मध्ये निफ्टी दहा हजारांच्या आसपास असताना पीई पंचविसाच्या वर गेला. नियम पाळणाऱ्याने विकलं. मार्च २०२० मध्ये जग थांबलं, निफ्टी ७,६१० वर आला. आता तरी घ्यायचं ना? पीई सतराच्या आसपास. पंधराच्या खाली आलाच नाही.

नियम पाळणारा थांबला. बाजार थांबला नाही.

आता पोलादाकडे या, कारण पीईची खरी खोडी तिथे कळते. २०२१-२२ मध्ये टाटा स्टीलने ४१ हजार कोटींहून अधिक नफा कमावला. मार्चअखेरीस पीई चारच्या आसपास. चार! एवढी मोठी कंपनी, टाटांचं नाव आणि चार वर्षांच्या नफ्यात पैसे वसूल. समाजमाध्यमांवरचे सल्लागार तुटून पडले.

मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क बसवलं. जगभरात पोलादाचे दर उतरत होतेच. २०२२-२३ चा नफा आठ हजार कोटींच्या आसपास. २०२३-२४ मध्ये तर साडेचार हजार कोटींहून अधिक तोटा.

चार वर्षांच्या नफ्यात वसुली म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच वर्षी तोटा मोजावा लागला.

पोलाद, साखर, सिमेंट, तेल, रसायनं. या धंद्यांचा नफा चक्रासारखा फिरतो. चक्र वर असतं तेव्हा नफा फुगतो आणि पीई सगळ्यात कमी दिसतो, नेमका विकायच्या वेळी. चक्र तळाला असतं तेव्हा नफा आटतो आणि पीई भयंकर दिसतो, नेमका घ्यायच्या वेळी. बाजारात मुरलेल्यांना हे पाठ असतं. नवख्याला हे सांगतं कोण? त्याच्या ॲपवर ‘कमी पीईचे शेअर’ अशी तयार यादी असते. यादीला चक्र कळत नाही.

आणि कमी पीई म्हणजे सापळाच, असं म्हणणाऱ्यांसाठी कोल इंडिया. २०२० च्या अखेरीस भाव सव्वाशेच्या आसपास, पीई सहाच्या आगेमागे. कोळशाचा जमाना संपला म्हणून कुणी ढुंकून बघत नव्हतं. २०२०-२१ मध्ये नफा १२,७०० कोटींच्या आसपास होता, २०२३-२४ मध्ये ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. भाव २०२४ मध्ये पाचशेपार.

एकाचा पीई चार, दुसऱ्याचा सहा. दोघांची वाट वेगळी झाली ती पुढच्या नफ्यामुळे. आणि पुढचा नफा पीईत नसतो.

मागचा नफा तरी खरा असतो का?

मुंबईत राहणाऱ्यांनी बॉम्बे डाइंगचं उदाहरण विसरू नये. २०२३ मध्ये कंपनीने वरळीची जमीन जपानी सुमितोमोच्या उपकंपनीला ५,२०० कोटींना विकायचं ठरवलं. आदल्या वर्षी तोट्यात असलेल्या कंपनीने २०२३-२४ मध्ये जवळपास तीन हजार कोटींचा नफा दाखवला. पीई दोनच्याही खाली गेला. हिशेब चोख, लपवाछपवी काही नाही. पण वरळीची जमीन दरवर्षी विकता येते का?

कापडाचा धंदा किती कमावतो, हे त्या दोनच्या आकड्यात शोधून सापडणार नाही.

कधी नफा सरकारच वाढवून देतं. २० सप्टेंबर २०१९, पणजी. जीएसटी परिषदेसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सेन्सेक्स त्या एका दिवसात १,९२१ अंकांनी वाढला. अधिभार-उपकर धरून शंभर रुपयांच्या नफ्यातले जवळपास ३५ रुपये कर भरणाऱ्या कंपनीला आता २५ च भरायचे होते. हातात ६५ ऐवजी ७५. नफ्यात पंधरा टक्के वाढ.

साबणाची एक वडी जास्त न विकता.

अशी वाढ एकदाच मिळते. पुढच्या वर्षी कर पुन्हा दहा रुपयांनी उतरत नाही. तरीही त्या वर्षीची वाढ धरून पुढच्या पाच वर्षांचे आराखडे मांडणारे निघालेच. शेअरच्या पुनर्खरेदीचंही तसंच. कंपनी आपलेच शेअर विकत घेऊन रद्द करते, शेअर कमी झाले की प्रति शेअर नफा वाढतो. भागधारकाच्या ते हिताचंही असू शकतं. पण त्यातून कारखान्यात एक यंत्र वाढत नाही.

हे सगळं कायद्यात बसतं. आता न बसणारं.

७ जानेवारी २००९. सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र बाहेर आलं. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने ६४९ कोटींचा परिचालन नफा दाखवला होता. पत्रात कबुली होती, की खरा नफा ६१ कोटी. दाखवलेला उत्पन्नाच्या २४ टक्के, खरा तीन. बँकेतल्या शिल्लक रकमेत ५,०४० कोटी नव्हतेच. त्या आधी काही महिने याच कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता.

आदल्या दिवशी सत्यमचा पीई एकआकडी होता. ‘इन्फोसिसपेक्षा कितीतरी स्वस्त’ म्हणत घेणारे होतेच. कबुलीच्या दिवशी १७९ चा शेअर चाळीसच्या आत आला.

भागाकार त्याही दिवशी बरोबर होता. छेद खोटा होता.

लेखापरीक्षकांनी जे उघड केलं नाही, ते घरी बसलेल्या गुंतवणूकदाराला दिसलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण नफा एवढा आणि बँकेत रोकड एवढी पडून आहे, तर तिच्यावर व्याज इतकं कमी का, हा प्रश्न ताळेबंदावरून विचारता येत होता. पीईवरून येत नव्हता.

मग हुशार लोक म्हणतात, मागचा नफा सोडा, पुढचा धरा. फॉरवर्ड पीई!

पुढचा नफा कोण सांगतं? दलाली पेढ्यांचे विश्लेषक. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज फुगलेला, तिमाही निकाल येतील तसा कापत कापत खाली. हजार रुपयांचा शेअर, अंदाज पन्नास रुपये नफ्याचा, पीई वीस. ‘वाजवी’ म्हणून विकला. वर्षअखेरीस नफा निघाला चाळीस. म्हणजे घेणाऱ्याने वीसच्या भावात पंचवीसचा माल घेतला. विश्लेषकाचा अहवाल तोवर पुढच्या वर्षावर गेलेला असतो.

ज्याने अंदाज दिला, त्याच्या पेढीला शेअर विकून दलाली मिळते. ही साधी गोष्ट मोठ्या अक्षरांत कधी छापतात का?

आणि पीई कुठल्याच नफ्यावर बसत नसेल, तर? मापच बदलायचं. १९९२ मध्ये एसीसी या सिमेंट कंपनीचा भाव नफ्याच्या हिशेबात मावेना. शेअर दलाल हर्षद मेहताने नवा हिशेब दिला: असा कारखाना आज नव्याने उभारायला काय खर्च येईल ते मोजा. एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४६७. मेहताचा घोटाळा फुटला आणि वर्षभरात तो जवळपास निम्मा झाला.

२००० मध्ये संकेतस्थळावर येणारे डोळे मोजले. २०२१ मध्ये व्यवहारांची उलाढाल मोजली. पेटीएमला नफाच नव्हता, त्यामुळे पीईही नव्हता. आयपीओत शेअर २,१५० रुपयांना विकला गेला. १८ नोव्हेंबर २०२१ ला पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली.

आयपीओच्या माहितीपत्रकात किंमत कशावरून ठरवली याचं एक प्रकरण असतं. त्यात तशाच इतर कंपन्यांच्या पीईचा तक्ता. ‘त्यांचा साठ, आमचा पन्नास, म्हणून आम्ही स्वस्त.’ तक्त्यात कुणाला बसवायचं हे कोण ठरवतं?

शेअर विकणारा.

पण माहितीपत्रक उघडतं तरी कोण? ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका कंपनीचा १२ कोटींचा एसएमई इश्यू आला. दोन दुचाकी शोरूम, आठ कर्मचारी. बोली लागल्या ४,८०० कोटींच्या घरात. बोली लावणाऱ्यांना पीईची अक्कल शिकवण्यात अर्थ नाही. त्यांनी दोन शोरूमही पाहिले नव्हते.

जाणकार म्हणतील, एका वर्षाचा नफा फसवा असेल तर सरासरी घ्या. बरोबर. बेंजामिन ग्रॅहम यांनी हे १९३४ मध्येच सांगितलं होतं. रॉबर्ट शिलर यांनी महागाई वजा करून दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर पीई मांडला. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत तो ४४ पर्यंत गेला आणि फुगा फुटला. शिलर यांना पुढे नोबेलही मिळालं.

पण डिसेंबर १९९६ मध्येच अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजाराच्या अविवेकी उत्साहावर बोट ठेवलं होतं आणि शिलर यांचा पीई तेव्हाही चढाच होता. त्यानंतर बाजार तीन वर्षं चढतच राहिला, दुप्पट झाला. सरासरीचा पीई पुढच्या दहा वर्षांबद्दल काही सांगू शकतो. पुढच्या वर्षाबद्दल त्याला विचारू नका. आणि आपल्याकडे विचारायचं असतं ते पुढच्या सोमवारबद्दल.

इतकं झाल्यावर पीई टाकून द्यायचा का? अजिबात नाही. मला तो हवाच आहे, फक्त उलटा करून. शंभर भागिले पीई. पंचवीसचा पीई म्हणजे चार टक्के कमाई. चाळीसचा म्हणजे अडीच. शेजारी सरकारी रोखा सहा-सात टक्के देतोय, तोही बिनघोर. मग अडीच टक्क्यांवर लोक राजी का? नफा वाढेल या भरवशावर. म्हणजे खरा प्रश्न वाढीचा. किती आणि किती वर्षं?

‘चांगली कंपनी आहे, कितीही भावात घ्या.’ हे वाक्य ज्याने काढलं, त्याने हिंदुस्थान लिव्हरचा २००० सालचा भाव पाहिलेला नाही. तीनशेच्या आसपास, पीई पन्नाशीच्या घरात. घराघरात साबण, टूथपेस्ट, चहा त्यांचाच. दहा वर्षांत नफा वाढला, कंपनीचं नाव बदलून हिंदुस्थान युनिलिव्हर झालं, कंपनी चांगलीच राहिली. २०१० मध्ये बराच काळ भाव तीनशेच्या खालीच होता.

धंदा वाढला, पीई निम्म्यावर आला. दहा वर्षांची वाढ त्या घसरणीने गिळली.

पेन्सिल घ्या. नफा एक रुपया, पीई साठ, म्हणून शेअर साठ रुपयांना घेतला. कंपनीने दहा वर्षं, दरवर्षी, न चुकता वीस टक्के वाढ केली. नफा सहा रुपये एकोणीस पैसे. तोवर बाजाराचा उत्साह ओसरला, पीई वीस झाला. भाव १२४. दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला साडेसात टक्के. चांगल्या दिवसांतल्या मुदत ठेवीइतके. त्यासाठी कंपनीला दहाही वर्षं वीस टक्क्यांनी धावावं लागलं.

आणि वाढ वीसऐवजी पंधरा झाली तर? पंधरासुद्धा दहा वर्षं टिकवणं सोपं नाही. नफा चार रुपये पाच पैसे, भाव ८१. साठचे ८१, दहा वर्षांनी. लाभांश वेगळा, पण साठ पटीला घेतलेल्या शेअरवर तो असून असून किती असणार?

वर्षाला तीन टक्के. बचत खात्याइतके.